वातड मांस मऊ कसं करायचं: मिसूरीतली खार, हरणाची रान आणि घरचा कडकनाथ

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेत मिसूरी राज्यात राहतो. शेजारचे वयस्कर गृहस्थ शिकारी आहेत. हंगामात ते सोललेल्या चार-पाच खारी आणि हरणाच्या मांसाचा मोठा तुकडा प्रेमानं आणून देतात. मुलानं घरच्यासारखा मसाला लावून कुकरला चार शिट्ट्या दिल्या, तर खार रबरासारखी झाली आणि हरीण कोरडं ठक्क. इकडे ताईंनी झाबुव्याहून मागवलेला कडकनाथ, म्हणजे काळ्या मांसाचा कोंबडा, तोही तसाच वातड झाला. हे मांस मऊ कसं करायचं, आणि मुळात खार खावी का, असं त्या विचारतात.

ताई, शेवटचं आधी सांगतो. मनात किंतु येणं अगदी साहजिक आहे. आपल्याकडची खार म्हणजे खारूताई, रामानं पाठीवरून बोटं फिरवलेली, जेमतेम १०० ग्रॅमचा जीव. तिला कुणी हात लावू नये. इथे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. तितर, रानससा, हरीण, रानडुक्कर यांतलं काही 'घरपोच देतो' असं कुणी म्हणालं तर दारातूनच परत पाठवा, कारण ते मांस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. मिसूरीतली गोष्ट वेगळी. तिथली करडी खार अर्ध्या किलोच्या आसपास भरते, तांबूस पोटाची फॉक्स खार तर त्याहून मोठी. तिच्या शिकारीला परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, एका दिवसात किती मारायच्या याची मर्यादा असते. शिकारीचं मांस तिथे विकता येत नाही, म्हणून ते असं शेजाऱ्यापाजाऱ्यांतच वाटलं जातं. व्हर्जिनिया, जॉर्जिया, केंटकी या भागांत खारीचा रस्सा पिढ्यानपिढ्या होत आला आहे. ब्रन्सविक स्ट्यू नावाचा त्यांचा प्रसिद्ध पदार्थ मुळात खारीचाच होता, आता तो कोंबडीचा करतात. तेव्हा मुलाला रुचत असेल तर त्यानं निःशंक खावं. एका म्हाताऱ्या माणसानं आपुलकीनं दिलेलं अन्न वाया जाऊ नये, एवढं मात्र मला मनापासून वाटतं.

मी इंदुरात ३५ वर्षं सामिष स्वयंपाकाची कामं केली. माझे आजोबा इथल्याच एका सरदार घराण्याच्या मुदपाकखान्यात होते. शिकार चालू होती त्या काळातले ते. माझ्या हाताला शिकारीचं मांस कधी लागलं नाही, पण आजोबांनी जे शिकवलं ते मी बोकड, गावठी कोंबडा आणि कडकनाथ यांवर आयुष्यभर वापरलं. त्यांचं पहिलं वाक्य असायचं, 'आधी जनावराचं वय विचार, मसाला मग विचार.' तुमच्या मुलाचं गणित इथेच चुकलं. त्यानं मसाल्याचा विचार केला, शिट्ट्याही मोजल्या, पण हातातलं मांस कोणत्या वयाचं आणि शरीराच्या कोणत्या भागाचं आहे हे पाहिलं नाही.

रानातलं जनावर दिवसभर पळतं, चढतं, उड्या मारतं. जो स्नायू जास्त राबतो त्याला बांधून ठेवणारे पांढरे धागे जास्त आणि घट्ट असतात. या धाग्यांत कोलॅजन असतं. जनावर म्हातारं होतं तसतसं ते आणखी चिवट होतं. शिवाय रानातल्या मांसात चरबी फार थोडी, त्यामुळे पाणी सुटलं की ओलावा धरून ठेवायला काही उरत नाही. मांस तापायला लागलं की साधारण ६० ते ६५ अंशांवर कोलॅजन आवळतं आणि आतला रस पिळून बाहेर काढतं. या टप्प्यावर मांस सगळ्यात जास्त वातड लागतं. त्यापुढे ७०च्या वर ते बराच वेळ ओल्या उष्णतेत राहिलं की कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. पायाचं सूप गार झाल्यावर वाटीत थिजतं, ते हेच. चार शिट्ट्यांत कोलॅजन आवळलं होतं, पण विरघळायला वेळच मिळाला नव्हता. मुलानं अजून पाऊण तास धीर धरला असता तर तीच खार मऊ झाली असती.

दुसरी गोष्ट विसाव्याची. जनावर मेल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि मग आपोआप सैल पडतात. कोंबडीत हे दिवसभरात आटोपतं, बोकडात एक-दोन दिवस लागतात. या ताठर अवस्थेत शिजवलेलं मांस कितीही उकळा, घास चोथ्यासारखा लागतो. आपल्याकडे 'सकाळी कापलेलं, दुपारी ताटात' हा ताजेपणाचा मान समजतात. त्यापायी मी एकदा तोंडघशी पडलो आहे. एका बारशाचं जेवण होतं, ४० किलो मटण, पहाटे कापून सहाला माझ्याकडे आलं आणि अकराला वाढायचं होतं. मसाला उत्तम जमला, रंग सुरेख आला, आणि लोक एक-एक बोटी चावत बसले. त्या घरच्या आजी मला काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. त्यानंतर मी आदल्या दिवशीचं, रात्रभर थंडीत टांगलेलं मटण मिळाल्याशिवाय काम घेतलं नाही. मुलाला सांगा, खार ताजी मिळाली असेल तर एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ४ अंशांखाली झाकून ठेवावी. गोठवून दिली असेल तर फ्रिजमध्येच सावकाश वितळवावी, ओट्यावर नाही.

आता खार. आधी वय. सोललेली मिळते म्हणून अंगावरून ओळखणं कठीण, पण एक सोपा प्रश्न शेजाऱ्यांना विचारता येतो: कातडी ओढताना जोर लागला का? म्हाताऱ्या खारीची कातडी मांसाला अशी चिकटलेली असते की सोलणाऱ्याचे हात दुखतात, ते त्यांच्या लक्षात असणारच. मांसाचा रंगही बघावा. कोवळ्याचं फिकं गुलाबी, जुन्याचं गडद लाल. काहीच कळलं नाही तर म्हातारीच आहे असं धरून चालावं. कोवळं मांस जरा जास्त शिजलं तर फार बिघडत नाही, जून मांस कमी शिजलं तर सगळंच फुकट जातं.

साफ करताना घाई करू नये. खारीचे केस बारीक असतात आणि मांसाला चिकटून राहतात. ओल्या फडक्यानं पुसून एक-एक काढावेत. काखेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला छोट्या रबरी गाठी दिसल्या तर सुरीच्या टोकानं काढाव्यात, नाहीतर रश्शाला उग्र वास येतो. छर्रे कुठे शिरले आहेत ते काळसर डागांवरून कळतं. तेवढा भाग सढळ हातानं कापून टाकावा. छर्रे बहुधा शिशाचे असतात, दाताखाली येणं वाईटच, पण पोटात जाणं त्याहून वाईट. घरात लहान मूल असेल तर यात जराही कसूर नको. डोकं आणि मेंदू बिलकूल घेऊ नये. केंटकीत पूर्वी खारीचा मेंदू अंड्यांबरोबर खायची पद्धत होती. तिथल्या डॉक्टरांनी १९९७ साली मेंदूच्या एका जीवघेण्या रोगाशी त्याचा संबंध असू शकतो अशी शंका मांडली. सिद्ध झालं नाही, पण ज्यावाचून काही अडत नाही त्याचा धोका का घ्यायचा?

खारीचे पाच तुकडे होतात, दोन मांड्या, दोन पुढचे पाय आणि पाठ. मग मिठाचं पाणी. १ लिटर थंड पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तुकडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावेत. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि आपल्या घरांत नेमकं हेच कुणी करत नाही. मीठ स्नायूंचे धागे थोडे सैल करतं, मांस पाणी शोषतं आणि शिजताना कमी गमावतं. सकाळी बाहेर काढून धुवावं, कोरड्या फडक्यानं टिपावं, आणि पुढे रश्शात मीठ चाखूनच घालावं. मिठाच्या पाण्याऐवजी ताक घेतलं तरी चालतं, तिकडचे लोकही तेच करतात. ताकाचं आंबटपण सौम्य असतं. लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवू नये, वरचा थर पिठूळ होतो आणि आत काही फरक पडत नाही.

शिजवण्याची रीत मी सांगतो ती आपल्या अळणी रश्शाचीच. जाड बुडाच्या पातेल्यात ३ मोठे चमचे तूप किंवा तेल. खारीला स्वतःची चरबी नसते म्हणून इथे हात आखडता घेऊ नये. तुकडे दोन्हीकडून तांबूस होऊ द्यावेत, एका वेळी चार-पाचच, नाहीतर पाणी सुटून ते उकडतात. ते काढून त्याच तुपात दोन कांदे, आलं-लसूण, हळद, थोडे मिरे, दोन-तीन लवंगा. मग तुकडे परत घालून ते अर्धे बुडतील एवढंच गरम पाणी. वर ताट झाकून ताटात पाणी. आपल्या आज्यांची ही ताटातल्या पाण्याची युक्ती लाख मोलाची आहे. वाफ थंड ताटाला लागून परत खाली ठिबकते, पातेलं आटत नाही, आणि ताटातलं गरम झालेलं पाणी लागेल तसं रश्शात घालता येतं. आच इतकी मंद की कडेला एखादा बुडबुडा यावा. खळाखळा उकळलं की धागे आवळतात.

वेळ दीड ते दोन तास. तासाभरानं बघायला सुरुवात करावी. पुढचे पाय आधी होतात, ते काढून ठेवावेत. मांडीत काटा खुपसून फिरवला आणि मांस हाडापासून सहज सुटलं, की झालं. घड्याळापेक्षा काट्यावर विश्वास ठेवावा, कारण चार खारींत एक कोवळी आणि तीन जून असं हमखास असतं. सुकं खोबरं, खसखस आणि भाजलेल्या कांद्याचं वाटण शेवटच्या अर्ध्या तासात. मसाला बेताचा हवा. ही खार ओकची फळं आणि अक्रोडासारखी हिकोरीची फळं खाऊन वाढते, तिच्या मांसाला एक गोडसर, दाण्यांसारखी चव असते. काळा मसाला भसाभस घातला तर ती चव कुठे जाते कळतही नाही. कोवळी खार असेल तर पाऊण तास अशीच शिजवून, निथळून, मीठ-मिरी लावलेल्या पिठात घोळवून तव्यावर परतावी. ती मुलांनाही आवडते.

कुकरच वापरायचा असेल तर पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करून २० ते २५ मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. झाकण घाईनं उघडलं की दाब एकदम उतरतो, आतला रस उकळून बाहेर येतो आणि मऊ झालेलं मांसही कोरडं पडतं. हाडांच्या, शिरांच्या तुकड्यांना कुकर चांगला, खारीच्या पाठीला नाही. पाठीचं मांस पातळ असतं, त्याचे दोरे होतात.

हरणाचं सगळं मांस एकाच पातेल्यात घातलं, ही मुलाची दुसरी चूक. आपल्या खाटकाकडे रान (मागची मांडी), दस्ती (पुढचा पाय), गर्दन (मान), चाप (बरगड्या) असं वेगळं मागतो ना, तसंच तिथेही बघायचं. पाठीच्या कण्याला लागून असलेला लांबट स्नायू जवळजवळ राबतच नाही. त्याचे दोन बोटं जाड तुकडे करून कडक तापलेल्या तव्यावर थोडा वेळच ठेवायचे, आत ६३ अंश झाले की उतरवून झाकून ठेवायचे. हा भाग तासभर शिजवणं म्हणजे त्याचा घात. रान मध्यम. तिच्यात वेगवेगळे स्नायू असतात, ते बोटानं चाचपून एकमेकांपासून सोडवावेत आणि प्रत्येकावरची पांढरी चकचकीत झिल्ली सुरीनं काढावी. ती झिल्ली कोलॅजनसारखी विरघळत नाही, दिवसभर शिजवली तरी. दस्ती, गर्दन, नळी यांना मात्र तीन-चार तास मंद आच द्यावी, आणि मग त्यासारखं मांस नाही. हरणाची स्वतःची चरबी काढून टाकावी, गार होताना ती टाळूला मेणासारखी चिकटते. तिच्या जागी तूप घालावं. राजस्थानातलं जंगली मांस हे अशाच गरजेतून आलेलं आहे. त्यात तूप, सुक्या लाल मिरच्या, मीठ आणि लागेल तसं थोडं थोडं पाणी, एवढंच पडतं. शिकारीच्या मुक्कामावर तेवढंच हाताशी असायचं, आणि कोरड्या मांसाला नेमकं तेवढंच हवं असतं. हरणाच्या रानीवर मुलानं हे जरूर करून बघावं.

हरणाबाबत एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. अमेरिकेतल्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग आहे. तो १९६७ साली कोलोराडोत प्रथम दिसला आणि आता मिसूरीसह बऱ्याच राज्यांत आहे. माणसाला झाल्याचं आढळलेलं नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा स्पष्ट सल्ला आहे, आणि शिजवल्यानं रोगाचा घटक नष्ट होत नाही. हरणाची तपासणी करून घेता येते. शेजाऱ्यांना 'तपासलं होतं का' असं सरळ विचारावं, जबाबदार शिकाऱ्याला त्याचा राग येत नाही. कधी त्यांनी रानससा दिला तर साफ करताना हातमोजे घालावेत, सशातून तुलारेमिया नावाचा ताप येतो. रानडुक्कर किंवा अस्वल असेल तर आतपर्यंत ७१ अंश झाल्याशिवाय खाऊ नये, त्यांच्या मांसात सूक्ष्म जंत असू शकतात. खार आणि ससा ७४ अंशांपर्यंत. स्वयंपाकाचा थर्मामीटर तिथे सहज मिळतो, एक घ्यायला सांगा.

मऊ करणाऱ्या वस्तूंबद्दल लोक मला फार विचारतात. कच्ची पपई काम करते, पण फक्त वरच्या थरावर. किलोला एक मोठा चमचा, सालासकट वाटलेली. बोकडाला दोन तास, खारीच्या बारीक तुकड्यांना अर्धा तास पुरे. त्याहून जास्त ठेवली तर वरून गिचका आणि आतून चिवट. तिचा जोर ६० ते ७० अंशांवर सगळ्यात जास्त असतो, म्हणजे पातेलं चुलीवर गेल्यावरही ती काम करत राहते, हे लक्षात ठेवून हात राखावा. मला स्वतःला काचरी, म्हणजे छोटं आंबट रानफळ, जास्त आवडते. इंदूरच्या सियागंज बाजारात वाळवलेली मिळते, कुटून किलोला एक चमचा लावावी. मऊपणा येतो आणि मागे एक छान आंबूस चव राहते. सुपारीचा तुकडा, करवंटी, खिळा हे सगळं मी करून पाहिलं, काही फरक दिसला नाही. सोडा घालू नये, मांस साबणासारखं लागतं.

आता तुमचा कडकनाथ. झाबुव्याच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून इंदुरात त्याची मागणी फार वाढली, पण शिजवायची रीत बहुतेक घरांत ब्रॉयलरचीच राहिली. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो, त्याच्या मांसाला राबायला वेळच मिळत नाही. कडकनाथ किलो-सव्वा किलोचा व्हायला पाच-सहा महिने घेतो, हिंडतो, उडतो, आणि त्याच्यात चरबी अगदी कमी. म्हणजे रानातल्या जनावराच्या जवळ जाणारं, कायद्यानं आपल्या ताटात येऊ शकणारं मांस हेच. घेताना कोंबडा सहा महिन्यांच्या आतला मागा. पायावरचा काटा बघा, आखूड आणि बोथट असेल तर कोवळा, लांब आणि टोकदार असेल तर जून. मांस काळं असतं, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही.

कापून आणल्यावर एक रात्र फ्रिजमध्ये, दुसऱ्या रात्री मिठाच्या पाण्यात. सालासकट शिजवा, जी काही चरबी आहे ती सालीखालीच आहे. वर सांगितल्याप्रमाणे ताटात पाणी ठेवून कोवळ्याला सव्वा तास, वर्षाच्या कोंबड्याला दोन तास, अंडी घालून थकलेल्या कोंबडीला अडीच. रस्सा काळसर होतो, तो तसाच असतो, घाबरून पाणी वाढवू नका. आणि जमलं तर संध्याकाळचा रस्सा सकाळीच करून ठेवा. मांस स्वतःच्या रश्शात निवत असताना थोडा ओलावा परत घेतं. पूर्ण निवला की झाकून फ्रिजमध्ये ठेवा, आणि वाढायच्या आधी मंद आचेवर चांगली वाफ येईपर्यंत तापवा, फार वेळ उकळत ठेवू नका. मुलालाही हेच सांगा, आणि पहिल्यांदा दोनच खारी करून बघायला सांगा. तासाभरानं मांडीचा एक तुकडा काढून खावा, मग अर्ध्या तासानं दुसरा, मग तिसरा. त्या तीन घासांत त्याला जे कळेल ते मला इथून लिहून सांगता येणार नाही. झाल्यावर एक वाटी शेजाऱ्यांकडेही पाठवायला सांगा.